गाय कोण हाकलणार?

पिंपरीला आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये चेची राहायची. मल्याळममध्ये चेची म्हणजे थोरली बहीण, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर ते तिचं नावच आहे अशी आमच्या अख्ख्या बिल्डिंगची समजूत होती. माझी आई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, पण तीही तिला चेचीच म्हणायची आणि चेची निमूट ओ द्यायची. ती नर्स होती, नवरा भोसरीला कंपनीत. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता, आमच्याकडे होता. रविवारी दुपारी दूरदर्शनवर प्रादेशिक सिनेमा लागायचा, आणि मल्याळम असला की चेची जेवणं आटपून, ओले हात पदराला पुसत यायची. टीव्ही आमचा, भाषा तिची, असा तो व्यवहार होता. पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरं यायची ती मला लागेपर्यंत पुसली जायची, म्हणून चेची मधूनमधून मराठीत सांगायची. तिचं मराठी पिंपरीच्या मंडईत शिकलेलं. त्यामुळे त्या सिनेमातली खानदानी नायर माणसंसुद्धा माझ्या कानाला भाजीवाल्यासारखीच बोलली.

त्या दुपारी ‘एलिप्पत्तायम’ होता. अडूर गोपालकृष्णन यांचा, १९८१चा. नावाचा अर्थ उंदराचा पिंजरा. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने त्याला सदरलँड ट्रॉफी दिली होती वगैरे मला तेव्हा काय ठाऊक असणार. मला दिसलं ते एक जुनं, ओलसर, मोठं घर आणि त्यात उण्णी नावाचा एक मध्यमवयीन पुरुष. त्याच्या बहिणी. उण्णी ओसरीवर बसलेला असतो. एक गाय आवारात शिरून रोपांना तोंड लावते. गाय त्याला समोर दिसतेय, पण तो उठत नाही. तो बहिणीला हाक मारतो, राजम्मा. राजम्मा घरात कामाला जुंपलेली. ती हातातलं टाकून बाहेर येते आणि गाय हाकलते.

“मेल्याचे पाय मोडलेत काय?” चेची ताडकन म्हणाली. आई खालीच बसून शेंगा सोलत होती. दोघी एकदम हसल्या. बाबा पलंगावर पेपर वाचत होते, ते हसले नाहीत.

पुढे एकदा उण्णी परीटघडीचे कपडे घालून घराबाहेर पडतो. वाटेत चिखल-पाणी साचलेलं. तो थांबतो, बघतो, आणि परत फिरतो, बस. एवढ्याशा पाण्याला भिऊन मोठा माणूस माघारी आला याचं मला फार हसू आलं होतं. सिनेमा संपल्यावर चेचीने निकाल दिला, “हा अडूरचा. आमच्याकडे हे कोण बघतंय? आमच्याकडे प्रेम नझीर.” मग तिने नझीर आणि शीला या जोडीच्या नावावर १३० सिनेमांचा विक्रम आहे असं सांगितलं. मला ती थाप वाटली. ती थाप नव्हती.

मल्याळम सिनेमाविषयी आता सगळेच बोलतात. ओटीटीवर लावायचा, खाली अक्षरं वाचायची, आणि सोमवारी ऑफिसात “काय बनवतात यार ही माणसं!” म्हणायचं. मीही म्हणते. पण ही माणसं असं का बनवतात, याचा विचार करायला लागले की मला त्या गायीपाशीच परत यावं लागतं. आपल्याच घरातला आळशी, भित्रा, मालकी गाजवणारा पुरुष इतक्या जवळून आणि इतक्या थंड डोक्याने दाखवायची सवय या सिनेमाला कुठून लागली? आणि गाय हाकलणाऱ्या बाईकडे त्याचं लक्ष नेमकं केव्हा गेलं?

अडूर शिकले आमच्या पुण्यात. १९३३ मध्ये कोल्हापूरहून प्रभात पुण्याला आली, तिने स्टुडिओ उभारला, पुढे ती बंद पडली आणि १९६० मध्ये त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथून अडूर १९६५ साली बाहेर पडले. दिग्दर्शक जॉन अब्राहम (हिंदीतला नट नव्हे) आणि के. जी. जॉर्ज, छायालेखक रामचंद्र बाबू, शाजी करुण, पुढच्या पिढीतले राजीव रवी, सगळे इथलेच. मल्याळम सिनेमाचं एक आजोळ लॉ कॉलेज रोडवर आहे असं मी म्हणते तेव्हा माझे केरळी मित्र हसतात, पण नाही म्हणत नाहीत.

त्याच रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. १९६४ मध्ये स्थापन झालेलं हे संग्रहालय ज्यांनी अक्षरशः डबा डबा गोळा करून उभं केलं ते पी. के. नायर तिरुवनंतपुरमचे. निवृत्त झाल्यावरही ते पुण्यातच राहिले आणि २०१६ मध्ये इथेच गेले. अंधारात, हातात छोटा टॉर्च आणि वही घेऊन सिनेमा बघणारा हा माणूस पुण्याच्या सिनेमावेड्यांत दंतकथा होऊन बसला होता. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘कालिया मर्दन’ची जी काही रिळं आज आपण बघू शकतो ती नायरांनी फाळके कुटुंबाकडून मिळवून जपली म्हणून. आपला पहिला सिनेमा एका मल्याळी माणसाने वाचवला. त्यांचा पहिला सिनेमा मात्र कोणीच वाचवू शकलं नाही.

तो सिनेमा ‘विगतकुमारन’, म्हणजे हरवलेला मुलगा. कधी दाखवला गेला, १९२८ मध्ये की १९३०मध्ये, यावर अभ्यासक अजून भांडतात. बनवला जे. सी. डॅनियल यांनी, घरची जमीन विकून. लेखक, दिग्दर्शक, नायक सगळं तेच. नायिका सरोजिनी ही नायर घरातली मुलगी, आणि त्या भूमिकेसाठी त्यांनी घेतली पी. के. रोझी. रोझी पुलय जातीतली, दलित, मोलमजुरी करणारी, लोकनाट्यात काम करणारी. तिरुवनंतपुरमच्या कॅपिटॉल थिएटरात खेळ लागला. पडद्यावर नायक तिच्या केसांतल्या फुलाचं चुंबन घेतो, आणि प्रेक्षागृहातल्या सवर्णांचं टाळकं फिरलं. पुलय बाई, नायर बाई म्हणून, आपल्यासमोर? पडद्यावर दगड आले, पडदा फाटला. पुढे तिचं घर जाळलं. ती एका लॉरी ड्रायव्हरबरोबर नागरकोइलकडे पळून गेली, त्याच्याशी लग्न केलं, राजम्माळ या नावाने उरलेलं आयुष्य काढलं. पुन्हा कधी कॅमेऱ्यापुढे आली नाही.

फाळक्यांना पहिल्या सिनेमात तारामतीच्या भूमिकेला बाई मिळाली नव्हती, साळुंके नावाच्या पुरुषाला साडी नेसवावी लागली, हे आपण शाळेत कौतुकाने ऐकतो. तिकडे बाई मिळाली होती. ती ठेवता आली नाही.

डॅनियलही संपले. कर्जात बुडाले, दातांचे डॉक्टर झाले, तमिळ मुलखात राहिले आणि १९७५ मध्ये गेले. ‘विगतकुमारन’ची जी प्रत घरात होती ती लहानपणी खेळताना आपणच पेटवली, असं त्यांच्या मुलाने पुढे सांगितलं. नायट्रेटची फिल्म, भडकन पेटते. १९९२ पासून केरळ सरकार सिनेमातला सर्वोच्च पुरस्कार डॅनियल यांच्या नावाने देतं.

दुसऱ्या मूकपटाचं नशीब मात्र विचित्र चांगलं. ‘मार्तंड वर्मा’, १९३३. सी. व्ही. रामन पिळ्ळैंच्या कादंबरीवरचा. कादंबरीचे हक्क असलेला प्रकाशक कोर्टात गेला, सिनेमा थोडक्या खेळांनंतर उतरवला, आणि प्रत प्रकाशकाच्या ताब्यात पडून राहिली. १९७४ मध्ये पुण्याच्या संग्रहालयाने ती मिळवली. चालला असता तर फिरून फिरून झिजला असता, कुठल्यातरी वितरकाच्या गोदामात चिकट गोळा झाला असता. खटला भरला म्हणून वाचला! कोर्टकचेरीचा मराठी माणसाला आधीच एवढा सोस, त्याला हा दाखला देऊ नये खरं तर.

बोलपटांची सुरुवात ‘बालन’ने, १९३८ साली, तीही केरळबाहेर, सेलमच्या मॉडर्न थिएटर्समध्ये. पुढची दहा-बारा वर्षं मी सरळ ओलांडते, कारण त्यातलं मला काहीच आवडलेलं नाही. आलप्पुळ्याला उदया आणि तिरुवनंतपुरमला मेरीलँड हे स्टुडिओ उभे राहिले, पुराणकथा आणि तमिळ धाटणीची नाचगाणी निघाली. खरी गंमत वेगळीकडेच शिजत होती. गावोगाव वाचनालयं निघत होती, डाव्या चळवळीची नाटकं गाजत होती, आणि कथालेखक सिनेमाला तुच्छ न मानता पटकथा लिहायला बसत होते.

१९५४ साली आपल्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. त्याच वर्षी पी. भास्करन आणि रामू करियाट यांचा ‘नीलक्कुयिल’ आला आणि त्याने मल्याळमसाठी रौप्यपदक आणलं. कथा उरूब यांची. एका शाळामास्तराचं नीली नावाच्या दलित मुलीवर प्रेम बसतं. तिला दिवस जातात. मास्तर जातीला भिऊन हात झटकतो, नीली मरते, आणि गावचा पोस्टमन लोकांची पर्वा न करता तिचं मूल वाढवतो. धाडसाचा सिनेमा आहे, गाणी तर आजही केरळात कोणीही गुणगुणतं. पण नीलीचं काम केलं मिस कुमारी यांनी, आणि त्या दलित नव्हत्या. पंचवीसेक वर्षांपूर्वी दलित बाईने नायर बाई होणं चाललं नव्हतं. आता दलित बाईची गोष्ट सांगायची होती, तर तिलाच सांगू न देता सांगितली गेली. मी भास्करन-करियाटांना दोष देत नाही. त्या काळी तेवढंही कोण करत होतं? पण रोझी तेव्हा जिवंत होती, हे डोक्यातून जात नाही.

‘चेम्मीन’विषयी चेचीशी बोलायची सोय नव्हती. ती लगेच गायला लागायची. १९६५, तकळी शिवशंकर पिळ्ळैंची कादंबरी, रामू करियाट यांचं दिग्दर्शन. संगीत सलील चौधरींचं, संकलन हृषीकेश मुखर्जींचं, कॅमेरा मार्कस बार्टलींचा आणि मन्ना डेंचा आवाज. दक्षिणेकडे पहिलं सुवर्णपदक याच सिनेमाने नेलं. कोळ्याची बायको किनाऱ्यावर पातिव्रत्याने राहिली तरच समुद्र नवऱ्याला सुखरूप परत पाठवतो, अशी त्यातली समजूत. म्हणजे होडी बुडाली की दोष घरातल्या बाईचा! शीलाची करुत्तम्मा वाळूवरून चालत येते ती चाल मला फार आवडते, आणि ती समजूत ऐकली की दर वेळी डोकं तडकतं.

मग पुण्याहून परतलेल्या पोरांची पिढी. अडूर आणि मित्रांनी १९६५ मध्येच चित्रलेखा फिल्म सोसायटी काढली होती. त्यातून सहकारी संस्था झाली आणि १९७२ मध्ये ‘स्वयंवरम’ आला. घर सोडून आलेलं एक जोडपं आणि त्यांचं हळूहळू खचत जाणं. पुढच्याच वर्षी एम. टी. वासुदेवन नायर यांचा ‘निर्माल्यम’. देवीचा भगत, पोट भरेना म्हणून मोडून पडलेलं घर, आणि शेवटी तोच भगत स्वतःचं कपाळ तलवारीने फोडून घेतो आणि तोंडातलं रक्त देवीच्या मूर्तीवर थुंकतो. पी. जे. अँटनी यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आज कोणी असा शेवट शूट करून दाखवावा. जॉन अब्राहमने तर १९८६च्या ‘अम्म अरियान’साठी निर्मातेच नाकारले. त्याची ओडेसा ही मंडळी गावोगाव सिनेमे दाखवत लोकांकडून वर्गणी गोळा करत फिरली. गणपतीची वर्गणी जमते तशी सिनेमाची जमली.

आता जरा खाली मान घालून सांगायची गोष्ट. मी नव्वदीत कॉलेजात होते तेव्हा “मल्याळम सिनेमाला चाललेय” असं मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. मुलं फिदीफिदी हसायची. गावातल्या पडक्या थिएटरांत सकाळच्या खेळाला डब केलेले जे सिनेमे लागत, भडक पोस्टर आणि वर मोठ्ठा ‘ए’, त्यांना सरसकट मल्याळी पिक्चरच म्हणत. एकीकडे संग्रहालयात अडूर, दुसरीकडे बसस्टँडमागे मॉर्निंग शो, आणि दोन्ही एकाच भाषेच्या नावावर. चेचीला हे कानावर आलं तेव्हा ती आठवडाभर कोणाशी बोलली नाही.

पण ऐंशीच्या दशकात या दोन टोकांच्या मधोमध जे काही चाललं होतं ते आमच्यापर्यंत आलंच नाही, आणि माझ्या मते तेच त्यांचं खरं वैभव. भरतन, पद्मराजन, के. जी. जॉर्ज. गल्ल्यावर चालणारे आणि तरीही डोकं गहाण न ठेवणारे सिनेमे. श्रीनिवासन यांनी लिहिलेला, १९९१चा ‘संदेशम’ही त्याच वळणाचा. त्यात दोन भाऊ दोन पक्षांचे. एक जण पोलंडचं नाव काढतो की डाव्या पक्षातला दुसरा भडकून त्याला गप्प करतो, आणि घरातलं म्हातारं माणूस बघत बसतं. केरळात आजही राजकीय वाद हाताबाहेर गेला की कोणीतरी पोलंड काढतंच.

जॉर्ज यांचा १९८४चा ‘आदामिंटे वारियेल्ल’, म्हणजे आदमची बरगडी, मी फार उशिरा पाहिला. तीन बायका, त्यात एक मोलकरीण. मालकाने तिच्यावर जबरदस्ती केलेली, पुढे तिची रवानगी महिला सुधारगृहात. शेवटी त्या गृहाचं दार उघडतं, बायका धावत सुटतात, आणि समोर चक्क सिनेमाचं युनिट उभं. कॅमेरा आणि खुद्द जॉर्ज. बायका दिग्दर्शकाला ढकलून, कॅमेऱ्याला बगल देऊन पळत निघून जातात. मी तो शॉट पाच-सहा वेळा मागे नेऊन पाहिला. धक्का बसल्यावर जॉर्ज बाजूला होतात. होतात आणि तिथेच राहतात. तुम्हाला काय दाखवायचं ते दाखवून झालं असेल तर आता सरका, असं त्या मोलकरणीने त्यांना त्यांच्याच सिनेमात सांगितलं. रोझीला अशी पळायची वाट मिळाली असती तर?

नंतर सुपरस्टारांचा काळ आला, मिशा आणि मुंडू, म्हणजे केरळी धोतर, सावरत जमीनदार पडद्यावर परतले. म्हणजे उण्णीच, फक्त आता ढोल वाजत होते. तो काळही मी ओलांडते. २०११च्या आसपास पुन्हा वारं फिरलं. ‘ट्रॅफिक’, ‘सॉल्ट अँड पेपर’, मग ‘महेशिंटे प्रतिकारम’. मार खाल्ल्यावर बदला घेईपर्यंत चप्पल घालायची नाही अशी शपथ घेणारा इडुक्कीचा फोटोग्राफर, आणि त्या शपथेपायी अख्ख्या गावात झालेली त्याची गोची. दरम्यान २०१३चा ‘दृश्यम’ आपल्याकडे ‘डोंबिवली फास्ट’वाल्या निशिकांत कामतांनी २०१५ मध्ये हिंदीत केला, गोव्यात नेऊन. मूळ पाहिलं असेल तर कळतं, त्या माणसाला एवढं मोठं खोटं निभावता येतं ते गावात चहाच्या टपरीपासून सगळे त्याला ओळखतात म्हणून.

२०१९च्या ‘कुंबळंगी नाइट्स’मध्ये शम्मी आरशासमोर दाढी करतोय. आरशावर घरातल्या बायकांपैकी कोणाची तरी टिकली चिकटलेली. आपल्याही घरी असते, तशीच. शम्मी ती हाताने काढत नाही, ब्लेडने खरवडतो. मग स्वतःकडे बघून मिशी नीट करतो. त्या एका टिकलीत पुढच्या दीड तासाची भीती आहे. उण्णीचा नातू, मी मनात म्हटलं. फक्त हा पाण्याला भिऊन मागे फिरणारा नाही.

आणि याच सगळ्या वर्षांत, पडद्यामागे. २०१७ साली केरळात एका अभिनेत्रीचं अपहरण करून तिच्यावर अत्याचार झाले. त्यानंतर बायकांनी आपली संघटना काढली, सरकारने न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमली. समितीने २०१९च्या ३१ डिसेंबरला अहवाल दिला. तो फडताळात राहिला. बाहेर आला १९ ऑगस्ट २०२४ रोजी, तोही गाळून. त्यात काय काय होतं ते वर्तमानपत्रांत येऊन गेलंय. मला चटका लावून गेलं ते साधं वाक्य: सेटवर बायकांसाठी संडास नसतो, म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. जगभर वाखाणल्या जाणाऱ्या, स्वतःच्या घराची एकेक फरशी उचकटून दाखवणाऱ्या या सिनेमात, दृश्य शूट होत असताना कोपऱ्यात कोणीतरी तहान मारत उभी होती.

त्या समितीत तीन जणी होत्या. त्यातल्या एक शारदा. ‘स्वयंवरम’ची नायिका, आणि ‘एलिप्पत्तायम’ची राजम्मा. तीच, गाय हाकलणारी. बातमीत ते नाव वाचलं तेव्हा चेचीला फोन करायचा होता, पण रात्र झाली होती.

चेची आता त्रिशूरजवळ राहते. नवरा गेला, मुलगा बाहेरदेशी, गुडघे दुखतात. दर महिन्या-दोन महिन्यांनी व्हिडिओ कॉल होतो. तिचं मराठी अजून मंडईतलंच आहे, उलट बाकी सगळे प्रमाण बोलायला लागल्यामुळे तिचंच आता अस्सल वाटतं. २०२१ मध्ये जिओ बेबी यांचा ‘द ग्रेट इंडियन किचन’ आला तेव्हा मीच तिला बघायला लावला होता. बोलणं कमी, चिरणं, घासणं, पुसणं जास्त. नवी सून, ताटाबाहेर टेबलावर टाकलेला शेवग्याचा चोथा, आणि सिंकखाली गळणारा पाइप. ती नवऱ्याला रोज प्लंबरला बोलवायला सांगते, तो रोज विसरतो. खाली लावलेली बादली भरत राहते.

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. मी मोठ्या तयारीत होते. रोझी, राजम्मा, जॉर्ज यांना ढकलणारी मोलकरीण, असं सगळं तिला सांगायचं ठरवलं होतं.

“बघितला,” ती म्हणाली.

“मग?”

“पाणी फेकलं नवऱ्या-सासऱ्याच्या तोंडावर ते बरं केलं.” मग ती थोडी थांबली. “पण प्लंबर आला की नाही गं? मी शेवटपर्यंत बघत बसले.”

मी काही म्हणायच्या आत तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली. तिने मोबाइल ओट्यावर उभा केला आणि उठली. पुढची दोन-तीन मिनिटं मला नुसतं छत, एक पंखा आणि भांड्यांचा आवाज.